अंगण खरंच वाकडं आहे

मानसिक तपासणीचा रिपोर्ट आमच्या शहरात सगळे वाचतात. शाळेतला क्लार्क वाचतो. वकील वाचतो, वकिलाचा ज्युनिअर वाचतो. होणारा सासरा मध्यस्थाकरवी मिळवून वाचतो. दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत मागे उभा असलेला माणूस मान लांब करून वाचतो, आणि झेरॉक्सवाला तर तीन प्रती काढता काढता पाठ करतो. वाचत नाही तो एकच जण, ज्याचं नाव-वय पहिल्या ओळीत टाइप केलेलं आहे. त्याच्या हातात तो कागद देतच नाहीत. दिलाच तर इंग्रजीत असतो. आणि ‘यात काय लिहिलंय?’ असं त्यानं विचारलंच, तर ‘गोळ्या वेळेवर घ्या’ हे उत्तर ठरलेलं.

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. मानसशास्त्राशी माझा संबंध बी.एड.च्या एका पेपरापुरता, तोही गाइड वाचून दिलेला. तरीही कन्नड, वैजापूर, सिल्लोडकडचे माझे जुने विद्यार्थी आपल्या पोरांचे, भावांचे, बायकांचे रिपोर्ट पिशवीत घालून सिडकोतल्या माझ्या घरी येतात. का, तर सरांना इंग्रजी येतं. म्हणजे पैसे मोजून, दिवसाचा रोज बुडवून, तज्ज्ञाकडून करून घेतलेल्या तपासणीचा अर्थ सांगायला शेवटी व्याकरण शिकवणारा माणूस लागतो. यात मला मोठेपणा वाटायला हवा. मला चीड येते.

संसदेनं २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. त्याचं २२ वं कलम म्हणतं की आजाराचं स्वरूप, सुचवलेले उपचार आणि त्यांचे दुष्परिणाम यांची माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे, आणि ती त्याला समजेल अशा भाषेत, अशा रूपात मिळाली पाहिजे. कायद्यात मराठीचं नाव नाही, हे खरं. पण फुलंब्रीच्या शेतमजुराला कोणती भाषा समजते हे ठरवायला समिती नेमावी लागेल असं वाटत नाही. ज्या राज्यात दुकानाच्या पाटीवरच्या मराठी अक्षरांच्या मापावरून काचा फुटतात, तिथं माणसाच्या मनाचा निकाल इंग्रजीत लागतो आणि एकही दगड जागचा हलत नाही.

मध्यंतरी एक बाप पेढे घेऊन आला. ‘सर, पोराला पंच्याऐंशी आलेत!’ कागद बघितला, तर बुद्ध्यांक ८५. शंभर ही सरासरी धरून पंधरा-पंधराच्या पायऱ्यांनी मोजायचं हे माप. त्यात ८५ म्हणजे सरासरीच्या एक पायरी खाली. शंभर मुलं रांगेत उभी केली तर साधारण सोळा याच्या मागे, बाकीची पुढे. त्याच कागदावर खाली ‘१६ वा पर्सेंटाइल’ असंही लिहिलं होतं. ते आईनं वाचलं होतं, आणि पोराला सोळा टक्के पडले म्हणून ती घरी रडत बसली होती. एका पोराचा एकच निकाल. बाप पेढे वाटतोय, आई रडतेय, आणि दोघांनाही जे कळलंय ते चूक. तपासणाऱ्याला सही-शिक्का करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात हे सांगून झालं असतं.

शिवाय ८५ हा काही तराजूत टाकून काढलेला आकडा नसतो. पाच इकडे, पाच तिकडे धरूनच तो वाचायचा असतो. सोयगावहून पहाटेच्या एसटीनं आलेलं, पोटात नुसता चहा असलेलं, अनोळखी खोलीत अनोळखी बाईंसमोर बसवलेलं पोर त्या दिवशी जे करू शकलं त्याचा तो आकडा. पोर झोपलं होतं का, जेवलं होतं का, घरी अहिराणी किंवा बंजारा बोलतं का, हे रिपोर्टात शोधा. सापडलं तर तपासणारा भला माणूस आहे असं समजा.

आणि मोजपट्टी कुठली? आपल्याकडं अजूनही कितीतरी ठिकाणी बिने-कामत चाचणी लावतात. व्ही. व्ही. कामतांनी ती १९३० च्या दशकात स्टॅनफर्ड-बिनेवरून मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. मराठी पोराला मराठीत प्रश्न विचारावेत हे त्या माणसाला तेव्हा सुचलं. दुसरी मॅलिन यांची, १९६९ ची, नागपूरची. मुलाला सामाजिक समज किती आली हे बघायची व्हाइनलँड मोजपट्टी, तिच्या आपल्याकडच्या रूपाला आजही ‘नागपूर ॲडाप्टेशन’ म्हणतात. तीही मॅलिन यांचीच. या दोघांना माझा नमस्कार. माझं भांडण त्यांच्यामागून आलेल्यांशी आहे. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की पिढीगणिक मुलं अशा चाचण्यांत जास्त गुण मिळवत जातात; म्हणून पट्टी जुनी झाली की आकडा फुगतो. पणजोबांच्या पिढीवर बेतलेल्या मापानं मोजलेलं आजचं पोर आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. ऐकायला छान वाटतं. पण ज्या पोराचा आकडा आजच्या पट्टीवर ७० च्या खाली भरला असता, त्याला जुन्या पट्टीवर ७४ आले की प्रमाणपत्र गेलं, सवलत गेली, शाळेतली मदत गेली. चाचणीचं नाव रिपोर्टावर असतं. ती कोणत्या साली, कोणत्या मुलांवर बेतली, ते नसतं. आणि विचारणाऱ्या बापाकडं तपासणारा असा बघतो, जणू त्यानं साहेबाचं वय विचारलं.

मोठ्या माणसांचा रिपोर्ट याहून मजेदार. त्यात ‘मेंटल स्टेटस एक्झामिनेशन’ नावाचा भाग असतो. कपडे, बोलणं, मनःस्थिती, विचार, भास, स्मरण असं एकेक बघत जायचं. कल्पना वाईट नाही. चांगला डॉक्टर याच वाटेनं जाऊन आजार अचूक पकडतो. पण वाटेत एक म्हण विचारतात, माणसाला शब्दापलीकडचा अर्थ कळतो का ते बघायला. ‘नाचता येईना अंगण वाकडं, म्हणजे काय?’ अपेक्षित उत्तर: आपला दोष दुसऱ्यावर ढकलणं. एखादी बाई म्हणाली, ‘अंगण वाकडंच हाय आमचं, पाऊस आला की पाणी उंबऱ्यापाशी’, की कागदावर पडलं: ॲबस्ट्रॅक्शन, कॉन्क्रीट. तिच्या घराचं अंगण बघायला कोण जातंय?

मग सारासार विवेक. ‘रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पडलेलं दिसलं, तर काय कराल?’ बरोबर उत्तर: टपालपेटीत टाकीन. वाळूजला कंत्राटी काम करणाऱ्या, जन्मात एक पत्र न पाठवलेल्या विशीतल्या पोराला हे विचारायचं. तो म्हणाला, ‘हात नाही लावणार, लफडं नको.’ लिहा: जजमेंट, इम्पेअर्ड. बेवारस वस्तूला हात लावू नका, असं रेल्वे स्टेशनवरचा भोंगा दिवसभर ओरडतोय. त्याचं ऐकणारा विवेकशून्य ठरला. पुढं शंभरातून सात वजा करत जा. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईला ९३ पर्यंत जाता आलं तर तिचा सत्कार करायला हवा. तिथं एकाग्रता कमी पडल्याची नोंद होते.

या सगळ्यावर कळस म्हणजे ‘इनसाइट’. आपण आजारी आहोत याची माणसाला किती जाण आहे, याच्या सहा पायऱ्या. पहिली पायरी: आजार साफ नाकारणं. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणालात की तुम्ही पहिल्या पायरीवर. समजा, खरंच काही झालेलं नसेल तर? त्याची पायरी या शिडीला ठेवलेलीच नाही. तीव्र आजारात माणसाला स्वतःचा आजार दिसत नाही हे मला मान्य आहे. भिंतीशी रात्रभर बोलणाऱ्या भावाला ‘तुला बरं नाही’ हे पटवताना घर कसं मोडतं, ते मी माझ्या विद्यार्थ्यांच्या घरात बघितलंय. म्हणून तर हा रकाना भरताना हात थरथरायला हवा. आमच्याकडं तो हजेरीपटासारखा भरला जातो.

आणि माहिती दिली कोणी? ‘इन्फॉर्मंट: हजबंड. रिलायबल अँड ॲडिक्वेट.’ नवरा विश्वासार्ह आणि पुरेसा! नवऱ्याच्या मनात काय आहे, घरात पैशावरून काय चाललंय, पोरगी झाली म्हणून काय बोललं गेलं, याची चौकशी पाच मिनिटांत आटोपली, आणि दोन इंग्रजी विशेषणांनी तो पुरुष आयुष्यभरासाठी साक्षीदार म्हणून प्रमाणित झाला.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ हा खटला काढून वाचावा. मराठी माणसांचा, पुण्यातला. लग्न १९५६ चं. लग्नाआधीच मुलीच्या वडिलांनी पत्रानं कळवलं होतं की तिला पूर्वी ऊन लागून मनावर परिणाम झाला होता आणि येरवड्याला उपचार झाले होते. काही लपवलेलं नव्हतं. पुढं संसारात खटके उडाले. २७ फेब्रुवारी १९६१ रोजी नवऱ्यानं तिला येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, तिच्याशी एकटीशी काही बैठका हव्यात. ती पुन्हा गेली नाही. आपल्याला वेडी ठरवण्यासाठी लावलेला हा सापळा आहे, असं तिचं म्हणणं. त्या दिवसानंतर ते नवरा-बायको एका घरात राहिले नाहीत. १९ मार्च १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांचा. तिचं वागणं छळाचं होतं असं न्यायालयानं म्हटलं, पण नवऱ्यानं ते पोटात घालून संसार पुढं चालवला होता, म्हणून त्याचं अपील फेटाळलं. आणि वेडेपणाचा आरोप? तो पहिल्याच न्यायालयात पडला होता. आता त्या बाईंना आजच्या छापील फॉर्मात बसवून बघा. तपासणीला नकार, नवऱ्यावर संशय, डॉक्टरवर अविश्वास. इनसाइट ग्रेड एक, विचारात संशयीपणा, जजमेंट इम्पेअर्ड. रकाने भरले असते, आणि पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून तो कागद जोडला गेला असता.

आमचं हे खंडपीठाचं शहर आहे, १९८१ पासून. वकिलांची वाण नाही. त्यामुळं रिपोर्टाची शेवटची ओळ, जिला ‘इम्प्रेशन’ म्हणतात, ती कोर्टात कशी फिरते हे आम्हाला वेगळं सांगायला नको. त्या ओळीत ‘प्रोव्हिजनल’ असतं, ‘सजेस्टिव्ह ऑफ’ असतं, आजाराच्या नावाआधी प्रश्नचिन्ह असतं. म्हणजे लिहिणारा सांगत असतो की बाबांनो, अजून खात्री नाही, अजून बघायचंय. झेरॉक्समध्ये आधी प्रश्नचिन्ह पुसट होतं, मग अर्जात ते गळतं, आणि जबाबात ‘सदर इसम मनोरुग्ण असल्याचे वैद्यकीय अहवालावरून सिद्ध’ होतं. राम नारायण गुप्ता यांच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं की आजाराचं नाव सांगून घटस्फोट मिळत नाही. आजार किती, कसा, त्यानं एकत्र राहणं खरंच अशक्य झालंय का, ते दाखवावं लागतं. तिथं तर छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा प्रश्न होता. २०१७ च्या कायद्याचं तिसरं कलम आणखी पुढं जातं: पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज कुणाला आजारी ठरवता येत नाही, समाजाच्या चालीरीतींप्रमाणे वागत नाही म्हणून ठरवता येत नाही, आणि आजार ठरला तरी सक्षम न्यायालयानं सांगितल्याशिवाय माणूस ‘अनसाउंड माइंड’चा होत नाही. १०५ वं कलम सांगतं की कोर्टात आजाराचा पुरावा दिला आणि समोरच्यानं त्याला आव्हान दिलं, तर तो पुढच्या छाननीसाठी या कायद्याखालच्या मंडळाकडं पाठवायचा. ही कलमं जुन्या वहिवाटीच्या किती वकिलांना तोंडपाठ आहेत, ते बार रूममध्ये चहा पिता पिता विचारून बघा.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत मात्र हाच कागद उलटा धरतात. तिथं मानसिक आजारासाठी आयडियाज नावाची मोजपट्टी आहे, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं केलेली. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, अशी चार सदरं. प्रत्येकाला शून्य ते चार. वर आजार किती वर्षांचा याचे एक ते चार. बेरीज वीसपैकी, सात झाले की चाळीस टक्के, आणि चाळीस टक्क्यांशिवाय योजनांचं दार उघडत नाही. सहा गुणांचा माणूस आणि सात गुणांचा माणूस यांच्यात फरक काय? बऱ्याचदा एवढाच, की सहावाला त्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. रांगेतले जाणकार नवख्याला हळूच सांगतात, ‘दाढी करू नका, बोलू देऊ नका.’ मग तोच घरातला माणूस प्रमाणपत्रासाठी जास्तीत जास्त आजारी, सोयरिकीसाठी ठणठणीत आणि जमिनीच्या वाटणीत पुन्हा वेडा. रिपोर्ट एकच, गरजेप्रमाणं पान उलटायचं. सरकारला शिव्या घालताना आपण कुटुंबीय म्हणून काय करतो, हेही कधीतरी मोजा. त्याला मोजपट्टी नाही म्हणून आपण सुटलो.

मराठवाड्यात आत्महत्येचा विषय निघाला की नऊ प्रश्नांचा एक कागद बाहेर येतो, पीएचक्यू-नऊ. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, भूक लागली का, थकवा येतो का, मरून जावं असं वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन, बेरीज सत्तावीसपैकी. फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून तो तयार झाला, तो फुकट वापरता येतो, आणि गाळणी म्हणून चांगला आहे. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरला दाखवा, एवढंच तो सांगतो. गारपिटीनं मोसंबी झोडपल्यावर, सोसायटीची नोटीस हातात असताना, झोप, भूक, थकवा या प्रश्नांवर शून्य कुणाला येईल? त्या बेरजेला निदान म्हणायचं, निदानाला आकडेवारी म्हणायचं आणि भाव, पाणी, कर्ज या गोष्टी ‘इतर’ या रकान्यात टाकायच्या, ही युक्ती सोयीची आहे. नवव्या प्रश्नाला शून्याव्यतिरिक्त काहीही उत्तर आलं, तर बेरीज बाजूला ठेवून त्या माणसाजवळ बसायचं असतं. फॉर्म भरणाऱ्याला अजून चाळीस घरं असतात.

यावर ओपीडीतले डॉक्टर म्हणतील, मास्तर, तुम्ही आरामखुर्चीत बसून बोलताय. बरोबर. घाटी हे आमचं सरकारी रुग्णालय १९५६ पासून अख्ख्या मराठवाड्याचा आणि शेजारच्या जिल्ह्यांचा भार ओढतंय. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नव्हतं. निजामाच्या काळात जालन्याला होतं, ते पुढं हैदराबादला एर्रागड्ड्याला गेलं. आता पुन्हा जालन्यालाच मंजूर झालंय. २०१५-१६ साली निम्हान्स या संस्थेनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, बारा राज्यांत. निरनिराळ्या आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं त्यात निघालं. त्या बारा राज्यांत गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं. महाराष्ट्र नव्हता. आम्ही किती आजारी आहोत हे मोजायलाही आमचा नंबर लागला नाही.

माणसं कमी आहेत हे मान्य. पण माणसं कमी असल्यानं रिपोर्ट दहा पानांचा होत नाही, तो कॉपी-पेस्टनं होतो. एका खाजगी ठिकाणचा रिपोर्ट माझ्याकडं आला होता, सत्तरीच्या बाईचा; मधल्या परिच्छेदात ‘ही इज अ स्टुडंट ऑफ क्लास नाइन’ असं वाक्य होतं. सही झोकदार होती. सहीखाली पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मात्र नव्हता. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञानं १९९२ च्या कायद्याप्रमाणं तिथं नोंदणी करायची असते, हे त्या घरच्यांना ठाऊक असायचं कारण नाही. भिंतीवरची फ्रेम केलेली सर्टिफिकिटं बघून त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या.

दुसरा आक्षेप नेहमीचा. पेशंटला सगळं सांगितलं तर तो खचेल. कायद्यानं हा विचार केलेला आहे. वाचून रुग्णाच्या मनाला गंभीर इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका पोचेल, अशी ठरावीक माहिती डॉक्टर रोखू शकतो. पण रोखली हे सांगावं लागतं आणि मंडळाकडं दाद मागता येते हेही सांगावं लागतं. आमच्याकडं अपवाद हाच नियम आहे, आणि गंमत अशी की खचण्याची भीती फक्त पेशंटबद्दल. तोच कागद नवऱ्याच्या, दिराच्या, मुख्याध्यापकांच्या हातात देताना कुणाला कसली भीती वाटत नाही. गोपनीयतेचं २३ वं कलम पेशंटच्या फायलीत पंचिंगची भोकं पाडायच्या जागी आलेलं असावं.

तर आता जे माझ्याकडं येतात त्यांना मी आधी इंग्रजी वाचून दाखवत नाही. अर्ज लिहायला लावतो. ‘महोदय, अमुक तारखेस झालेल्या माझ्या मानसिक तपासणीच्या कागदपत्रांची प्रत मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २५ प्रमाणे मला मिळावी, आणि त्यातील निष्कर्ष कलम २२ प्रमाणे मराठीत समजावून सांगण्यात यावा.’ खाली सही किंवा अंगठा. ‘साहेब आले की बघू’ असं खिडकीतून उत्तर येईल. येऊ द्यायचं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आणि तेवढ्यात आत कुणी फायलीत ‘पेशंट सस्पिशियस, इनसाइट पुअर’ असं लिहिलंच, तर त्याही पानाची प्रत मागायची.